घोडा नसलेला शिलेदार

परुळेकर काका, गोष्ट झाली. शनिवारी, ठरल्याप्रमाणे संध्याकाळी सहाला, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. तुमची खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली होती. मी तिच्यावर बसले नाही, शेजारी उभी राहिले. शेवट आधी सांगितलेला तुम्हाला आवडायचा नाही, पण हा एवढा सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. गोष्ट पूर्ण झाली. लोक हसले. काकू आल्या होत्या.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. या दिवसांत तुमच्याबद्दल जे ऐकलं, त्यातलं बरंचसं मला ओळखीचं वाटलं नाही. ‘शांत माणूस होता,’ असं लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं. तुम्हाला माहीत आहे, मी लिफ्टमध्ये बोलत नाही.

अकरावीत मी मराठी सोडून फ्रेंच घेतलं, म्हणून आपली ओळख झाली. आमच्या कॉलेजात सगळेच घेत होते. मार्क मिळतात. आईने मला तुमच्याकडे पहिल्या मजल्यावर आणलं, कारण विक्रोळीच्या कारखान्यात फ्रेंच मशीनांची मॅन्युअलं मराठीत आणायचं काम तुम्ही निवृत्त होईपर्यंत केलं होतं. तुम्ही विचारलंत, “घरी काय बोलता?”

“मराठी.”

“मग मराठी का नाही घेतलंस?”

“स्कोअरिंग नाही.”

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. आई ओशाळली. मी जमिनीकडे बघत होते. मग तुम्ही अट घातलीत: धडा फ्रेंचमध्ये वाचायचा, पण काय कळलं ते मराठीत सांगायचं, आणि मध्ये ‘अ‍ॅक्च्युअली’ आलं तर परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी दहा ओळींच्या धड्याला पाऊण तास लागला. मराठी टाळायला मी तुमच्या दारात आले होते, काका. आज हे लिहिताना हात अडखळत नाही, त्याला कारण ती अट.

परीक्षा संपली तरी मी येत राहिले. कॉलेज संपलं, नोकरी लागली, तरी दर बुधवारी. आईला वाटायचं मी पुढच्या कसल्यातरी परीक्षेचा अभ्यास करते आहे. आपण जुन्या फ्रेंच गोष्टी मराठीत आणत होतो, ते काम कुठल्याच परीक्षेचं नव्हतं.

कंपनीने तुम्हाला मशीन जोडायला आठ महिने फ्रान्सला पाठवलं होतं, ते पॅरिसला नाही, पार पश्चिमेच्या टोकाला, ब्रिटनीमधल्या एका बंदरावर. तिथे तुम्ही ज्या मादामच्या घरी राहिलात ती फ्रेंच फक्त बँकेत आणि तुमच्याशी बोलायची. घरात, शेजारणींशी, मांजराशी ब्रेतॉन, म्हणजे तिथली मूळ भाषा. “म्हणजे आपल्यासारखंच,” तुम्ही सांगितलं होतंत, “कचेरीत एक भाषा आणि मासे साफ करताना दुसरी.” ती बटाटे सोलता सोलता तुम्हाला गोष्टी सांगायची. त्या ऐकून तुम्ही जुन्या फ्रेंच पद्यकथा शोधून वाचायला लागलात, आणि तुमच्या लक्षात आलं की ते फ्रेंच कवी स्वतःच पुन्हा पुन्हा सांगतात, ही गोष्ट ब्रेतॉन लोकांनी सांगितलेली आहे.

ते चिलखतातले लढवय्ये, त्यांचा राजा, ते गोल मेज, हे सगळं इंग्रजांचं, असं मला शाळेपासून वाटायचं. तुम्ही चहाच्या टेबलावर ते मशीनसारखं सुटं करून दाखवलंत. साखरेचा डबा म्हणजे आज इंग्रजांचं म्हणतात ते मोठं बेट. तिथली माणसं समुद्र ओलांडून बशीवर, म्हणजे ब्रिटनीला, येऊन राहिली. येताना गोष्टी घेऊन आली. त्यांचे गाणारे आणि सांगणारे दोन-तीन भाषा बोलत गावोगाव आणि दरबारात फिरले. आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रेंच कवींनी त्या गोष्टी ऐकल्या, आपल्या भाषेत पद्यात बसवल्या, आणि वरून दरबारी रीतभात, प्रेमाचे नियम, झुंजी, सगळं चढवलं. कुठला सुटा भाग डब्यातला आणि कुठला बशीतला, यावर पंडित अजून भांडतात, हेही तुम्ही सांगितलंत. तुमच्यापुरता तुम्ही निकाल देऊन टाकला होता. “ओतकाम ब्रेतॉन, जुळणी फ्रेंच, रंग दरबारी. आणि नेमप्लेट तिसऱ्याचीच.”

मी मुकाट्याने ऐकणारी मुलगी. पण तुमच्या त्या टेबलाशी मी भांडायचे. जगात फक्त तिथेच. मी म्हणायचे, लिहिलं कुणी? फ्रेंच कवींनी. त्या काळातली एक तरी ब्रेतॉन गोष्ट ब्रेतॉनमध्ये लिहिलेली दाखवा.

“नाही. एकसुद्धा नाही.”

“मग? लिहिणारे नसते तर आज काय उरलं असतं?”

भांडण रंगलं की तुमची मालवणी बाहेर यायची. “गो चेडवा, आमच्या दशावताराची लिवलेली वही दाखव माका. हा खय?” नव्हतीच ती. लहानपणी गावच्या देवळापुढे तुम्ही पाहिलं होतंत, तोंडाला रंग लावता लावता राजे आपसांत ठरवायचे, आज कुठलं आख्यान, कोण कुणावर चाल करून जाणार. बाकी सगळं उभं राहिल्यावर, तोंडाला येईल तसं. “पिढ्यान् पिढ्या चाललंय,” तुम्ही म्हणायचात, “आणि तुझे कागद वाळवीने खाल्ले.”

नाइटला मराठीत काय म्हणायचं यावर आपले तीन बुधवार गेले. मी ‘सरदार’ म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, सगळेच कुठे एवढे मोठे. ‘वीर’ म्हटलं, तर म्हणालात, तो निबंधात असतो. शेवटी तुम्ही शिलेदार आणलात. घोडा आणि हत्यार स्वतःचं असतं तो शिलेदार. घोडा सरकारचा असतो तो बारगीर. त्यांच्या फ्रेंच शब्दातही घोडाच आहे म्हणालात. आणि मग उगाचच, बिस्किट बुडवता बुडवता: “आपण दोघं बारगीर. गोष्टीचा घोडा आपला नाही. थोडा वेळ बसायचं आणि पुढच्याच्या हातात लगाम द्यायचा.”

हे मी घरी जाऊन लिहून ठेवलं. तुमचा नियम होता, लिहायचं नाही, ऐकायचं. दुसऱ्या दिवशी जेवढं आठवेल तेवढंच खरं. मी दर बुधवारी घरी पोचल्या पोचल्या सगळं वहीत उतरवायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण माझा हात तसाच भरभर चालायचा. सात वर्षांच्या वह्या आहेत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही रागावाल म्हणून नाही. तुम्ही हसाल म्हणून.

मग तुम्ही हॉलमध्ये गोष्टींचे शनिवार सुरू केलेत. महिन्यातून एक, बारा महिने, बारा गोष्टी. पहिल्या शनिवारी नऊ माणसं होती. तुम्ही हॉलच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे हात केलात. “त्या गोष्टीतलं जंगल म्हणजे असं. पलीकडे ठाणं आहे हे माहीत असतं. तरी आत शिरलं की ठाणं नाही, मुलुंड नाही. फक्त आपण आणि तो बिबट्या.” पाचव्या शनिवारी खुर्च्या कमी पडल्या. आणि तुम्ही सगळ्यांना ते शिकवलंत. तुम्ही थांबलात की ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, “मगे?” म्हणजे मग, पुढे काय. कुणी म्हटलं नाही तर गोष्ट तिथेच बसून राहणार. तिसऱ्या मजल्यावरचे शहाभाई सगळ्यांत मोठ्याने म्हणायचे, जणू त्यांचा जन्म कुडाळात झालाय.

मी म्हणत नव्हते. अकरा शनिवार मागच्या रांगेत बसून मी नुसती मान हलवली. एकदा सगळे गेल्यावर तुम्ही म्हणालात, “तुझी मान माका आयकाक येणा नाय.”

बाराव्या गोष्टीची पहिली अर्धी तुम्ही मला बुधवारीच सांगितलीत. ती कुठल्याच पुस्तकात नाही म्हणालात, मादामने सांगितलेली. तरुण शिलेदार राजाच्या मेजवानीला निघतो. नदीच्या उताराशी एक म्हातारी बसलेली असते. तिला पलीकडे न्यायला तो घोड्यावर घेतो. पलीकडे गेल्यावर ती उतरतच नाही. माझं घर लांब आहे, म्हणते, घोडा दे. तो देतो. चिखलातून चालत राजवाड्याशी पोचतो, तर दारवान विचारतो, घोडा कुठाय? घोडा नाही तर शिलेदार कसला? आणि आत राजाची रीत अशी की गोल मेजाभोवतीची सगळी आसनं भरल्याशिवाय घास उचलायचा नाही. एक आसन रिकामं.

इथे तुम्ही थांबलात आणि चहा ओतलात.

मी म्हटलं, शेवट सांगा. “शनिवारी.” मी म्हटलं, निदान लिहून तरी ठेवा. “कित्याक?” मला राग आला. त्या दिवशी तुम्ही दमलेले दिसत होतात, जिना चढून आल्यासारखे, आणि मला त्याचाच राग आला होता, हे आता कळतंय. मी म्हटलं, “तुम्हाला काही झालं तर तुमच्याबरोबर गोष्टही जाईल. तुमच्या ब्रेतॉनांची गेली तशी.”

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “मगे?”

मला वाटलं, चेष्टा करताय. मी पर्स उचलली आणि निघाले. दार जरा जोरात लागलं. तो बुधवार होता, गोष्टीचा शनिवार अजून अडीच आठवड्यांवर होता. रविवारी तुम्ही गेलात.

त्या दाराचा आवाज मी रोज ऐकते. त्याबद्दल माफी मागायची राहिली, ती इथे मागते.

तेरावं शुक्रवारी होतं, आणि नोटीस बोर्डावर शनिवारचा कागद तुमच्या अक्षरात तसाच लागलेला. सेक्रेटरी रेगे काका तो काढायला आले तेव्हा मी ऑफिसला निघाले होते.

“शोकसभा ठेवू त्याच वेळी,” ते म्हणाले. “दोन मिनिटं शांतता, चार जण बोलतील. हॉल बुक आहेच.”

“काका, त्या दिवशी गोष्ट आहे.”

“अगं, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गोष्टी? लोक काय म्हणतील? आणि सांगणार कोण?”

टाचणी त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, “मी.”

“तू?” त्यांना खरंच वाईट वाटलं माझ्यासाठी. “तू तर हॅलोसुद्धा मान हलवून म्हणतेस.”

“काकूंना विचारते. त्या नको म्हणाल्या तर कागद काढा.”

काकू नको म्हणाल्या नाहीत. भाजी निवडत होत्या. “शोकसभेत त्यांना झोप आली असती,” एवढंच म्हणाल्या.

मग मी घाबरले. तीन रात्री नेटवर शोधलं, फ्रेंचमध्ये, इंग्रजीत. उतारावरची म्हातारी, दिलेला घोडा, दारवान. काही नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसं, कुठेच नाही. मादाम कधीच गेली असणार. तुम्ही गेलात. मला अर्धी गोष्ट ठेवून गेलात, आणि मी तुमच्यावर इतकी चिडले होते की रडायचं राहूनच गेलं.

शनिवारी हॉल भरला. पुष्कळ जण पांढऱ्या कपड्यांत आले होते, शोकसभा समजून. मी वही उघडली आणि वाचायला लागले. माझा आवाज मलाच रेल्वेच्या घोषणेसारखा वाटला. उताराशी म्हातारी येईपर्यंत मागे कुजबुज सुरू झाली. रेगे काका घड्याळ बघत होते. तेवढ्यात शहाभाई म्हणाले, “पण बेटा, एवढी म्हातारी, घोड्यावर चढली कशी?”

वहीत नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, खरंच पाहिलं. मग म्हटलं, “त्याने हाताची ओंजळ केली. तिने त्यात पाय ठेवला.”

“चिखलाचा?” पुढच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं.

“चिखलाचाच. आणि तिने पुसला त्याच्या बाहीला.”

कुणीतरी हसलं. “मगे?” शहाभाई म्हणाले.

मी वही तुमच्या खुर्चीवर ठेवली. इंग्रजी अक्षरांतला घोडा तिथेच राहिला, काका. पुढचं मी तोंडाने सांगितलं. चिखल सांगितला, दारवान सांगितला, रिकामं आसन सांगितलं. आणि तुम्ही जिथे चहा ओतलात तिथे येऊन थांबले. पुढे काहीच नव्हतं. काकूंचे डोळे मिटलेले होते. हॉलमध्ये पंख्याचा आवाज. मला वाटलं, आता सगळ्यांना कळेल.

“मगे?” शहाभाई. मग दोन-तीन जण. मग सगळा हॉल.

तुम्ही का थांबायचात ते मला तेव्हा कळलं. मी समजत होते तुम्ही आम्हाला ताटकळत ठेवता. तुम्ही आमच्याकडून पुढचं मागून घेत होतात.

मी म्हटलं, राजा जेवला नाही. एक दिवस गेला, दोन दिवस गेले.

“स्वयंपाकाचं काय झालं?”

“दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा टाकून दिला.”

बायका हळहळल्या. तिसऱ्या दिवशी राजाला भूक सोसवेना. घोड्यावर खोगीर चढेपर्यंतही धीर नव्हता. तसाच पायी बाहेर पडला, आणि मागे दार लागलं. बाहेर दगडावर चिखलाने माखलेला पोरगा. तू कोण? शिलेदार. घोडा? दिला. कुणाला? जिचं घर लांब होतं तिला. राजा शेजारी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, चल जेवायला, आणि दार वाजवलं. आतून आवाज आला, कोण? राजा. दारवान म्हणाला, “राजा? मग घोडा कुठाय?”

हॉल फुटला. सगळ्यांनी वळून रेगे काकांकडे पाहिलं, कारण परवाच त्यांच्या ‘नोंद नाही तर प्रवेश नाही’ या नियमामुळे वॉचमनने त्यांच्याच मेव्हण्याला आपल्या गेटवर अर्धा तास उभं केलं होतं. रेगे काका आधी लाल झाले, मग हसले. मी काही ठरवून सांगितलं नव्हतं. ते आपोआप आलं. तुमच्या त्या राजांना रंग लावताना येत असेल तसं.

“मगे?”

मग राजाने आत निरोप धाडला, आम्हाला आत यायची परवानगी नाही, तर मेज बाहेर आणा. मेज फार जड. पण गोल. शिलेदारांनी ते आडवं उचलायचं सोडून उभं केलं आणि गडगडत दारातून बाहेर काढलं.

“दारातून मावलं?” शहाभाईंना काळजी.

“मेज मावलं. आसनं मावली नाहीत. सगळे जमिनीवर बसले, पंगतीला बसतात तसे. कुणाचं आसन रिकामं, ते मोजायला आसनंच नव्हती. आणि राजाने पहिला घास उचलला.”

टाळ्या वाजल्या. पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, काका. त्या थांबेपर्यंत मी तुमच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते. मग चिखलाचं विचारणाऱ्या बाई म्हणाल्या, “आणि घोडा?”

“घोडा म्हातारीकडेच आहे,” मी म्हटलं. “तिचं घर अजून आलेलं नाही.”

सगळे गेल्यावर काकूंजवळ गेले. विचारायची भीती वाटत होती, पण विचारलं. “काकू, काकांचा शेवट काय होता?”

“कुठला?” काकू म्हणाल्या. “मला चार-पाचदा तरी सांगितली असेल ही. एकदा घोडा आपणहून परत आला. एकदा म्हातारी राणी निघाली. एकदा सांगता सांगता यांनाच झोप लागली.”

“पण खरा कुठला? मादामने सांगितलेला?”

“तिने अर्धीच सांगितली होती. यांची गाडी सुटायची वेळ झाली ना.”

मी हॉलच्या पायरीवर बसले आणि हसत सुटले. काकूही. शेवटी दोघी रडलो, पण आधी हसलो, तो क्रम तुम्हाला कळवायचा होता. अर्धी गोष्ट घेऊन तुम्ही जन्मभर ऐटीत फिरलात, आणि मला ‘शनिवारी सांगेन’ म्हणालात. तुम्हालाही त्या शनिवारी आम्हीच पुढचं द्यायचं होतं.

आपलं भांडण मिटलं असं मात्र समजू नका. मी लिहिते आहे. देवनागरीत. वह्यांतल्या अकराही गोष्टी उतरवून काढणार आहे, आणि वाळवीचा बंदोबस्तही करणार आहे. ब्रेतॉनांनी सांगितलं म्हणून फ्रेंचांनी लिहिलं, हे तुमचं मान्य. पण कुणीतरी लिहिलं म्हणून मुलुंडच्या पहिल्या मजल्यावर ते तुमच्या हाताला लागलं, हे माझं तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. आता करायला हरकत नाही.

एकच सांगायचं राहिलं. आज सकाळी ऑफिसला निघाले, तर गेटपाशी रेगे काका फिरून आलेल्या दोन बायकांना गोष्ट सांगत होते. त्यांच्या गोष्टीत म्हातारी नव्हती. घोडा पांढराशुभ्र होता, आणि दारवान हाच खरा नायक होता, कारण नियम म्हणजे नियम. “आणि मग,” रेगे काका म्हणाले, “साक्षात राजा दारात उभा. पायी.” एवढं बोलून ते थांबले, अगदी तुमच्यासारखे. बायका नुसत्या बघत राहिल्या. त्या शनिवारी त्या नव्हत्या, त्यांना काय म्हणायचं ते माहीत नव्हतं.

माझ्या तोंडाशी दुरुस्ती आली होती. घोडा पांढरा नव्हता, रेगे काका. म्हातारी कुठे गेली, रेगे काका. ती मी गिळली, आणि गेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

“मगे?”